सणसरच्या कालव्यावर जाहलेली जर्मन व जपानी दुर्बिणींची लढाई

श्रीखंडोबा प्रसन्न. हुजुरांचा हुकूम जाहला की, सणसर आणि जळोची या दोन दौलतींमध्ये दुर्बिणींवरून जो दंगा उसळला, त्याची हकीकत साद्यंत लिहून रुजू करावी. हुकूम करणारे हुजूर कोण, ते अखेरीस येईल. तूर्त इतकेच की त्यांची मर्जी न राखल्यास घरात कोणास झोप म्हणून लाभत नाही. लेखक अप्पा, दोन्ही घरी पोटभर जेवलेला, सबब निःपक्षपाती.

शके एकोणीसशे अठरा, कार्तिकमास. इंदापूर परगण्यात सणसर मुक्कामी राजमान्य राजश्री दादासाहेब, ऊसबागाईतदार, दूधसंघाचे संचालक, हायस्कुलाच्या कमिटीचे खावंद, नांदत होते. त्यांची स्वारी सहकाराच्या अभ्यासदौऱ्यात ठिबक सिंचन पाहावयास परमुलखी गेली, आणि तेथे ठिबक किती पाहिले हे खंडोबास ठाऊक, परंतु परतताना गळ्यात उंची जर्मन दुर्बीण घालून आली. मग भिगवणकडे धरणाच्या पाणफुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात ते पाहण्याकामी दुर्बीण आणिली ऐसे जाहीर केले, आणि माडीवर चढून रोज पाहत काय, तर ऊसतोडीची टोळी आज कोणाच्या फडात शिरली ते! इकडे बारामतीलगत जळोचीस मानसिंगराव, रानाचे प्लॉट पडल्यापासून भारी जोरात आलेले. त्यांचा मेव्हणा जहाजावर चाकरीस, त्याने त्यांस जपानी दुर्बीण नजर केली. हे दोघे सरदार एकमेकांचे व्याही. मानसिंगरावांची एकुलती लेक राजनंदिनी, ती दादासाहेबांचे चिरंजीव रणजितराव यांस दिली होती.

राजनंदिनीबाईस दिवस गेले, आणि पहिले बाळंतपण माहेरी व्हावे हा रिवाज, आणि सातवा सरत आला. जळोचीस मातुश्री कौसल्याबाईंनी खोली सारवून, बाजेचे सुंभ नवे विणवून, डिंक आणि खारका आणून ठेविल्या, आणि दारात जीप वाजली की पदर सावरीत बाहेर यावे ऐसे त्यांस जाहले. मग मानसिंगराव जातीने मुराळी होऊन जीप घेऊन लेकीस आणावयास सणसरास दाखल जाहले. चहा जाहला. लेक पिशवी भरून उंबऱ्याशी उभी राहिली. इतक्यात दादासाहेबांस काय अवदसा आठवली कोण जाणे, त्यांनी व्याह्यांस माडीवर नेऊन जर्मन दुर्बीण त्यांच्या हाती दिली.

मानसिंगरावांनी कारखान्याच्या धुराड्यावर नजर लाविली, आणि मग वदले, "पावनं, मान्सं मोठ्ठी दिसत्यात, पर धुराड्याला तांबडी-पिवळी किनार दिसती की! आमच्या जपानीत आसलं न्हाय बा."

झाले! दादासाहेबांच्या अंगाचा तिळपापड जाहला. त्यांनी फर्माविले की, किनार दुर्बिणीत नसून पाहणाराच्या डोळ्यात आहे, आणि मुराळ्याने हा शब्द माघारी घेईतो सून उंबरा ओलांडणार नाही. मानसिंगराव म्हणाले की, शब्द जळोचीचा आहे, माघारी जात नाही. मग शब्द राहिला, जीप रिकामी गेली, आणि राजनंदिनीबाई पिशवी उघडून एकेक लुगडे फडताळात ठेवीत रडत बसल्या. वाहवा रे शहाणे! पोरीचे दिवस भरत आले, आणि हे काचा पाहतात.

आठवडा गेला, दुसरा गेला. कौसल्याबाईंनी जळोचीस अन्न निम्मे केले, आणि यजमानांशी बोलणे तर सफा बंद केले. मानसिंगराव बिनमिठाचे कालवण जेवून हवालदिल जाहले. अखेर दोहीकडून ऐसे ठरले की, दोन्ही दुर्बिणी मैदानात उतरवाव्या, पंच नेमावा, ज्याची दुर्बीण निर्मळ त्याचा शब्द खरा. मैदान सणसरचा कालवा. पंच हायस्कुलाचे विज्ञानाचे जोतीराम मास्तर.

नेमल्या दिवशी मानसिंगराव जपानी दुर्बीण मखमली पिशवीत घालून, जीप स्वतः हाकीत आले. कालव्याच्या भरावावर सतरंजी पडली. पलीकडे कारखान्याचे काळे धुराडे, मागे लख्ख आभाळ; किनार पारखावयास याहून नामी जागा नाही, ऐसे मास्तरांचेच मत पडले. मग दादासाहेबांनी जपानीतून पाहिले आणि गर्जना केली, "ही बगा! तुमच्यातबी किनार! आमच्यापरीस दाट!" मानसिंगराव म्हणाले की, जपानी माल ऐसा कदापि दाखवीत नाही, सबब सणसरच्या हवेचा हा दोष. मग मास्तरांनी दोन्हींतून पाहिले, आणि प्रकाश काचेतून जाता त्याचे रंग फुटतात, उत्तम भिंग ते आवरते, परंतु अगदी निखालस कोणाचेच आवरत नाही, इत्यादी विद्या सांगितली. सरदारांनी पुसले, निकाल काय? मास्तरांची बदली कमिटीच्या हाती, आणि मास्तरांचा प्लॉट जळोचीस मानसिंगरावांच्या रानात! मास्तरांनी घाम पुसला आणि म्हणाले, "किनार हाय, पर म्हणावी आशी न्हाय."

ऐसा निकाल ऐकून दोन्ही सरदार मास्तरांवरच तुटून पडले. तेसमयी दादासाहेबांचे कुटुंब मुक्ताबाई, मागून सुनेस हाताशी धरून, भरावावर येऊन ठेपल्या. रणजितराव बायकोची भरलेली पिशवी घेऊन, खाली मान घालून पाठीशी. बाईंनी यजमानांच्या गळ्यातील दुर्बीण काढून घेतली, काच उन्हाकडे धरली आणि मटकन खाली बसून हसू लागल्या.

"अवं, ही तर माजी हळद! खंडेनवमीला कोयतं पुजलं, ट्रॅक्टर पुजला, तवा हिलाबी दोनी डोळ्यांस्नी हळदीकुंकू लावलं व्हतं की! तुमी काय केलं त्याचं?"

दादासाहेब म्हणाले, "पुसलं की. धोतराच्या सोग्यानं."

"आन् सोग्याला वंगण!"

मग राजनंदिनीबाई बापाकडे वळून म्हणाल्या, "आबा, आपल्या आईनंबी लावलं आसंल. ती तर शिलाई मशीनबी सोडत न्हाय."

मानसिंगरावांनी जपानी काच न्याहाळली, आणि मुकाट्याने मुक्ताबाईंच्या हाती दिली. दोन्ही दौलतींत नवमी एकच, हळद एकच, आणि पुसण्याची अक्कलही एकच. बाईंनी धुतल्या पदराने दोन्ही दुर्बिणी हळूच निर्मळ केल्या, आणि दोघा सरदारांच्या हाती दिल्या, परंतु जर्मन जळोचीकरांस आणि जपानी सणसरकरांस. आणि हुकूम केला की, दोघांनी एकदम धुराड्याकडे पाहावे, आणि मी सांगेतो डोळा काढू नये.

सरदारांनी पाहिले. धुराड्याची वीट न् वीट दिसो लागली. कडेला सुतासारखी एक जांभळी किनार अजून होती, ती खरी काचेची, दोन्हींत सारखी. ती दोघांनीही पाहिली आणि दोघांनीही गिळली; त्यात शहाणपण किती आणि भीती किती, ते लेखकास विचारू नये. मागे जीप सुरू जाहल्याचा आवाज आला. दादासाहेब वळू लागले, तो मुक्ताबाई गरजल्या, "डोळं काढू नगा म्हनलं न्हवं!"

मग धुराड्याखाली कालव्याच्या वाटेवर धूळ उठली, आणि धुळीतून मानसिंगरावांची जीप निघाली. रणजितराव खड्डे चुकवीत बेताने हाकीत होते. मागल्या बाकावर पिशवी, आणि पिशवीशेजारी राजनंदिनीबाई. त्यांनी मागे वळून हात हालविला.

"पावनं," दादासाहेब दुर्बीण न काढता हळू म्हणाले, "दिसती का?"

"दिसती. बांगड्यासुदिक दिसत्यात."

"किनार?"

"न्हाय. आजाबात न्हाय," मानसिंगराव म्हणाले. पुढे वाट वळली, तरी दोघे पाहतच राहिले. दादासाहेबांनी दुर्बीण काढून काच पुसली, मग काच कोरडी पाहून डोळे पुसले.

जीप गेली म्हणोन जळोचीकरांस जावयास वाहन राहिले नाही. मग मुक्ताबाईंनी त्यांस पिठलं-भाकर वाढली, मीठ बेताचे घातले, आणि दादासाहेबांनी आपला ट्रॅक्टर काढून व्याह्यांस मडगार्डावर बसवून खासा जळोचीस पोचविले. दोघांच्या गळ्यात एकमेकांची दुर्बीण तशीच राहिली. वाटेत त्यांनी दोहींतून ऊसतोडीची टोळी शोधिली. दारात कौसल्याबाई लेकीचे पाय दाबीत बसल्या होत्या, त्यांनी यजमानांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "या. जेवलासा का?" हा तह समजावा.

येणेप्रमाणे लढाई जाहली. फत्ते कोणाची, याविषयी दोन्ही सरदार आपापली सांगतात, ते खोटे आहे. माघ मासी जळोची मुक्कामी, नव्या सुंभाच्या बाजेवर, सुखरूप कन्यारत्न जन्मले. तेच हुजूर, ज्यांनी आज दोन्ही आजोबांच्या मांडीवर टाहो फोडून लेखकास या कामी बसविले. बाराव्या दिवशी दोघांनी वाकून पाळण्यात पाहिले, दुर्बिणी गळ्यात लोंबत्या ठेवून, नुसत्या डोळ्यांनी, आणि नाक आमच्या वळणाचे की तुमच्या, म्हणोन पुन्हा भांडू लागले. हुजुरांनी दोन्ही हात वर करून दोन्ही दुर्बिणींचे पट्टे मुठीत धरिले, ते सोडीनात. सबब फत्ते हुजुरांची लिहिली आहे. लेखनसीमा.