चुलीला आवतण, छपाई घरचीच

नातीच्या बारशाच्या पत्रिका मी घरीच छापायचं ठरवलं. प्रेसवाल्याच्या कशाला पाया पडायचं? किराणा दुकान चालवून कॉम्प्युटरवर लिनक्स बसवणारा घाटनांदुरात एकच माणूस, आणि तो मी. (दुसरा असला तर त्यानं अजून तोंड उघडलेलं नाही.)

अडचण एवढीच, की पत्रिकेचं सॉफ्टवेअर पडलं विंडोजचं. ते लिनक्सवर चालवायला वाईन नावाचा प्रोग्रॅम लागतो. (नावावर जाऊ नका, आमच्या घरात अंडंही शिजत नाही.) तो बसवला. 'चुलीला आवतण' हे शब्द ठळक केले. म्हणजे घरची चूल बंद ठेवून सगळ्यांनी जेवायला यायचं. पत्रिका अर्थात भावकीपुरत्याच.

"अवं, सांजच्याला पत्रिका न्हाई गेल्या तर भावकी फुगून बसंल. प्रेसमधून आणा की!" शिवकांता, म्हणजे आमची मंडळी, स्वयंपाकघरातून ओरडली.

"तू वाटण वाट. हितं इंजिनीयरिंग चाललंय."

मिक्सर घरघरायला लागला. मी प्रिंटरची यादी उघडली. एकच नाव होतं. निवडलं, बटण दाबलं. स्क्रीन म्हणाली, छापलं. स्वयंपाकघराच्या दारातल्या टेबलावरचा माझा प्रिंटर मात्र ढिम्म. मी काय सोडतो? कॉपी वाढवून पुन्हा दाबलं. मग आणखी वाढवून. शेवटी प्रेसवाल्याचं तोंड डोळ्यांपुढं दिसायला लागलं.

दुपार कलल्यावर शेजारचा फोटो स्टुडिओवाला अल्ताफ आला. आमच्या दोघांत वायफाय एकच.

"अप्पा, लई झकास पत्रिका! माझ्या प्रिंटरमधून थांबतच नव्हत्या. कागद संपला तवा थांबल्या."

"बघ!" माझी छाती फुगली. "छापलं का न्हाई? भिंतीपल्याड छापलं! कुठायत रे पत्रिका?"

"वाटून टाकल्या की! तुमी कामात अडकलेले. स्टँडपासून शाळेपर्यंत एक घर न्हाई सोडलं. शेजारधर्म हाय, अप्पा."

शिवकांतानं डाळीचा डबा उघडून तळ बघितला.

बारशाला अख्खं गाव लोटलं, लेकराबाळांसकट. शिवकांता पदर खोचून आमटीत पाणी वाढवत होती, आणि मी पंगतीतून मिरवत होतो, "वायर न लावता छापलं, तेही लिनक्समधून!"

"पण अप्पा," अल्ताफनं जेवता जेवता विचारलं, "तुमचा प्रिंटर कावून न्हाई चालला?"

मी घसा खाकरला. "त्याचं असंय, त्यात ड्रायव्हर नावाचा एक—"

शिवकांतानं आमटीची बादली खाली ठेवली.

"वाटण वाट म्हणलात की तुमीच! त्याचाच प्लग काढून मिक्सर लावला हुता."