बिसेनकाकांची वस्ती

पाहुणा आला की बिसेनकाका आधी त्याची पिशवी तपासत, मग पाणी देत. बिस्किटाचा पुडा, शाम्पूची पुडी, जे सापडेल ते डोळ्यांसमोर धरून विचारत, "माती खाईल का हे?" खाणार नसेल तर ते फाटकाजवळच्या चिंचेला टांगलं जाई. जाताना आठवणीनं परत! एकदा एका साहेबांच्या टेरिकॉटच्या सफारीकडे काका इतका वेळ बघत राहिले, की साहेब पाणी न पिताच निघून गेले.

दोन हजार सालच्या सुमारास, सडक अर्जुनी गावापासून बरंच आत, मुरमाड पडीक जमिनीवर आम्ही चार कुटुंबं आणि एकटे काका राहायला गेलो. मातीची घरं, सामाईक शेती, वीज नाही. मी शाळामास्तर, काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त. कल्पना त्यांचीच.

शेजारचं गाव हसायचं. "म्हातारा दगडात धान पेरून राहिला!" काका मात्र भर उन्हात पालथे पडून, एक डोळा मिटून जमिनीचा उतार पाहत. "पाण्याले जिथं थांबावं वाटते, तिथंच बोडी खोदायची." आम्ही ते लहानसं तळं खोदलं. तिसऱ्या उन्हाळ्यात गावातल्या विहिरी आटल्या, आणि आमच्या बोडीत बगळे उभे! मी काठावर नुसता बघत राहिलो. हसणारी माणसं पाण्याला आली. काका फक्त त्यांच्या प्लास्टिकच्या घागरी पाहून कण्हले.

पुढे मुलं मोठी झाली. कॉलेज, नोकऱ्या. एकेक घर उठलं. शेवटी आम्हीही निघालो. मला मान वर करवेना. काकांनीच सामान ट्रॅक्टरवर चढवलं.

"कायले लाजता मास्तर? पोरीले शिकवा."

तीन वर्षांनी, न कळवता गेलो. वाटलं, घरं पडली असतील. पाहतो तर सगळी ताजी सारवलेली. काका आमच्याच ओट्यावर पोतेरं फिरवत होते.

"एवढं काऊन करता, काका?"

"मातीचं घर हाय. हात नाही फिरला त बसते."

मी कडी काढून आत गेलो. चुलीत लाकडं रचलेली. माठ काठोकाठ भरलेला, वर घासलेला पेला.

"मी आज येणार, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

काका खाली बघून पोतेरं पिळू लागले.

"कोणीच नाही," ते म्हणाले. "चारही घरी रोजच भरतो."