शेवटच्या भागापर्यंत गप्प!

दाढ काढायची म्हटली की मी मुळासकट काढतो, आणि एखादी गोष्ट ठरवली की तडीस नेतो! दातांच्या डॉक्टरला चिकाटी लागतेच.

या वेळी मी ती गाजलेली खुनांची मालिका बघायचं ठरवलं. ती संपून कित्येक वर्षं झाली. सगळ्या जगाची बघून झाली, मीच तेवढा कोरा! पण खुनी कोण, हे मला अजून माहीत नव्हतं, आणि शेवटच्या भागाआधी ते कानावर पडू द्यायचं नाही, असा माझा पणच होता.

मी फर्मान काढलं. "मालिकेबद्दल चकार शब्द काढायचा नाही! सूचक हसायचं नाही, भुवया उडवायच्या नाहीत!"

बायको, आमच्याकडे राहायला आलेले सासरे आणि दवाखान्यात रिसेप्शनवर बसणाऱ्या ताई, तिघांनीही मालिका बघितलेली. तिघांनी निमूट माना डोलावल्या. पेशंटांची चिंता नव्हती. त्यांच्या तोंडात माझा कापूस असतो!

मालिका काय रंगली म्हणता! शहरात माणसं पटापट मरताहेत, पोलीस चक्रावलेत, आणि त्या सगळ्या गोंधळात एकच सज्जन माणूस. तिथला दातांचा डॉक्टर! हिरवागार ॲप्रन, मधासारखा आवाज. पेशंटच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "घाबरू नका, काही कळणारसुद्धा नाही." आमच्या धंद्याला पडद्यावर इतका मान! माझा ऊर भरून आला. मी लगेच तसाच ॲप्रन शिवून घेतला.

"हा घालून दवाखान्यात जाणारेस?" बायकोने विचारलं.

"का? शोभत नाही?"

"शोभतो रे. अगदी त्याच्यासारखाच दिसतोस. पण..."

"मालिकेतलं काही आहे का?"

"आहे ना, म्हणून तर..."

"मग गप्प!" मी कानांत बोटं घातली आणि जिना उतरलो.

पहिल्या पेशंट शाळेतल्या गणिताच्या बाई. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाजात मध ओतला. "घाबरू नका, काही कळणारसुद्धा नाही."

बाईंचे डोळे बशीएवढे झाले. मी सुई उचलली मात्र, बाई ताडकन उठल्या. "अगंबाई, घरी गॅस चालूच राहिलाय!" म्हणत गळ्यातल्या कागदी रुमालासकट पसार! पाठोपाठ पोस्टमनला घरचे पाहुणे आठवले. एक हवालदार आला, तोही सोबतीला दुसरा हवालदार घेऊन!

चार दिवसांत दवाखाना ओस पडला. समोर नव्याने दुकान थाटलेल्या पोरसवद्या डॉक्टरकडे मात्र रांग! मी माश्या मारत बसलो.

"सर, तो ॲप्रन आणि ते वाक्य तेवढं..." ताई चाचरत म्हणाल्या.

"मालिकेतलं आहे?"

"हो, पण सर, आपले पेशंट..."

"गप्प! पेशंट येतील. खुनी एकदा कळला की कळला!"

घरी सासऱ्यांचा गाल टम्म फुगलेला. मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं तरी म्हणायचे, "छे छे, दाढ कुठली! तब्येत सुधारलीय जरा."

अखेर रविवारी दुपारी शेवटचा भाग लावला. फोन बंद, दाराला कडी. इन्स्पेक्टर दबकत जिना चढतो, दार ढकलतो. आत हिरवा ॲप्रन! मधासारखा आवाज! "घाबरू नका..."

माझ्या हातातला पाण्याचा ग्लास सोफ्यावर आडवा झाला.

"आता बोलू?" बायकोने विचारलं. मी नुसती मान हलवली. पण तिला बोलताच येईना, इतकी ती हसत होती.

सोमवारी मी पांढरा ॲप्रन चढवला. ताईंनी सगळ्यांना फोन करून सांगितलं, "सरांनी बघितला हो शेवटचा भाग! आता बिनधास्त या." सगळे आलेही, पण उंबऱ्याच्या आत कोणी येईना.

"आधी दुसऱ्या कोणाला तरी बसवा," बाई दारातूनच म्हणाल्या.

तेव्हा सासरे पुढे झाले. घरच्या अब्रूचा प्रश्न होता! फुगलेल्या गालाने खुर्चीत बसले आणि म्हणाले, "जावईबापू, लोक काही म्हणोत, माझा तुमच्यावर विश्वास आहे."

दारात सगळे श्वास रोखून उभे. मी मायेने सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "घाबरू नका," म्हणालो... आणि सवयच ती मेली, पुढचं वाक्यही तोंडातून निघून गेलं!

सासऱ्यांची दाढ त्याच दिवशी निघाली. समोरच्या डॉक्टरकडे. त्यांना म्हणे काही कळलंसुद्धा नाही!