मास्तरांची मेणाची बुचं

"अहो, शर्ट फाटतो, पण मी लावलेलं बटण तुटत नाही! तीस वर्षं लोकांचे कोट शिवतोय. मला कानाची दोन बुचं करता येणार नाहीत? विकत कसली आणताय!"

मास्तर हे छाती काढून बोलले तेव्हा दुकानात त्यांची बायको आणि दोन मित्र होते. तिघांनीही माना डोलावल्या. मंडळी, घोटाळ्याला सुरुवात झाली ती तिथे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. त्यांचा उजवा कान वीस वर्षांपूर्वीच गेला होता. नुसता शोभेला उरला होता. आता डावाही त्याच वाटेला लागला होता. कानाच्या डॉक्टरांनी सोमवारी ऑपरेशन ठरवलं होतं. "नंतर ऐकू येईलही, कदाचित काहीच येणार नाही. मी खोटी आशा लावत नाही," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मास्तरांनी ही बातमी मित्रांना एका दमात सांगितली आणि लगेच मशीनवर बसून पाय चालवायला लागले. सुईत दोरा नव्हता, तरी बराच वेळ मशीन चालू होतं.

मित्र दोघंच, पण मिसरूड फुटल्यापासूनचे. एक वायरमन, एक दवाखान्यातला कंपाउंडर. विशीत असताना तिघांकडे मिळून एका रॉक बँडची एकच कॅसेट होती. ती मास्तरांच्या दुकानात वाजून वाजून झिजली. शब्द एकालाही कधी कळले नाहीत. पण शेवटचं जे गाणं होतं, त्यात सगळी वाद्यं थांबायची आणि एकटी गिटार असं काही रडायची, की मास्तर कापडावरची कात्री बाजूला ठेवायचे. हे एकदा समोर उभं राहून ऐकायचं, असं तिघांनी तेव्हाच ठरवलं होतं. मग लग्नं झाली, पोरं झाली, पोटं सुटली. ऐकायचं तेवढं राहून गेलं.

आणि आता तोच बँड, म्हातारा झालेला, शनिवारी गावाबाहेरच्या मैदानावर येणार होता. दिवसभर उघड्यावर दहा बँड वाजणार, हे सगळ्यात शेवटी, आणि ते गाणं त्यांच्याही शेवटी. आता नाही तर कधीच नाही, हे मास्तर बोलले नाहीत. पण सगळ्यांना ऐकू आलं.

"जा," बायको म्हणाली, "पण त्या बाकीच्या नऊ जणांचा धुडगूस कानावर घ्यायचा नाही. डॉक्टरांनी बजावलंय. कान गच्च बंद ठेवायचा, आणि तुमचे ते आले की मगच उघडायचा. कबूल?"

"कबूल."

कंपाउंडर म्हणाला, "औषधाच्या दुकानातून तयार बुचं आणतो." त्यावरच मास्तरांचं वर सांगितलेलं भाषण झालं.

बुचं मात्र बघण्यासारखी झाली हं! आत कापूस, वरून मलमल, टाके असे बारीक की भिंगातून दिसावेत. ओढून काढायला मागे दोऱ्याची शेपटी. आणि कानात सुळकन जावीत म्हणून मास्तरांनी त्यांना मेण चोळलं. बटणाच्या दोऱ्याला चोळतात ते, चांगलं जाड. उजव्या कानाला खरं तर काही गरज नव्हती. पण शिंप्याला एकच बाही शिवून चैन पडत नाही, म्हणून जोडी केली.

शनिवारी तिघं मैदानाच्या फाटकाशी पोहोचले. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं. पोरापोरींनी अंगावर जेमतेम कपडे ठेवले होते आणि त्यांच्यात हे तिघं इस्त्रीच्या शर्टात, पूर्ण बाह्यांच्या! फाटकावरच्या रखवालदाराने वायरमनची पिशवी उपडी केली. आतून टेस्टर निघाला, पक्कड निघाली, चिमटा निघाला.

"हे काय?"

"माझी हत्यारं आहेत," वायरमन अभिमानाने म्हणाला.

आता कारागिराची हत्यारं वेगळी आणि रखवालदाराची हत्यारं वेगळी, हे त्या भल्या माणसाच्या लक्षात यायला पाऊण तास गेला. तोपर्यंत तिघांचे खिसे, चपला, कंपाउंडरची टोपी, सगळं तपासून झालं. हत्यारं जप्त झाली. "लक्ष आहे माझं तुमच्यावर," असं सांगून त्याने तिघांना आत सोडलं.

मास्तरांनी बुचं कानात बसवली आणि जग बंद झालं. स्टेजवर माणसं केस झटकत होती, तोंडं वासत होती, आणि मास्तर देवळात बसल्यासारखे शांत. सुरुवातीला त्यांना गंमत वाटली. मग एक पोरगी शेजारी खदखदून हसली, त्यांना नुसते दात दिसले. सोमवारनंतर हे असंच असणार का? बायको हाक मारेल, तेव्हाही हे असंच? त्यांनी मित्रांकडे पाहिलं. ते दोघंही त्यांच्याकडेच पाहत होते, आणि लगेच दुसरीकडे पाहायला लागले.

साडेपाच वाजले. कंपाउंडरने खूण केली : काढ!

मास्तरांनी उजव्या कानाची शेपटी ओढली. बूच लोण्यातून केस निघावा तसं अलगद आलं. मग डाव्या कानाची ओढली. हातात दोरा आला. नुसता दोरा!

तीस वर्षांत मास्तरांचा टाका पहिल्यांदा उसवला होता, आणि तो कुठे उसवावा! दिवसभराच्या उन्हाने मेण पाघळलं होतं, आणि बूच कानात लाखेसारखं बसलं होतं.

"थांब, चिमट्याने काढतो," वायरमन म्हणाला आणि त्याला आपला चिमटा कुठे आहे ते आठवलं. कंपाउंडरने करंगळी घालून पाहिली. बूच आणखी आत गेलं.

"गाढवा, आत ढकललंस ना!"

"तू बोलू नकोस! तुझ्या हत्यारांपायी आधीच पाऊण तास गेला!"

दोघं मास्तरांच्या डोक्यावरून भांडत होते आणि मास्तरांना नुसते हातवारे दिसत होते. शेवटी त्यांनी दोघांची मनगटं धरली आणि लाल अधिक चिन्ह असलेल्या तंबूकडे चालू लागले.

आतली नर्स तरुण आणि कामाने पिचलेली होती. उन्हाने चक्कर आलेली माणसं ओळीने पडली होती.

"काय होतंय काका?"

मास्तरांना तिचे ओठ हलताना दिसले. नाव विचारत असेल, असं वाटून त्यांनी नाव सांगितलं. आपला आवाज केवढा लागतोय ते त्यांना कुठे कळत होतं! तंबूतली दोन चक्कर आलेली माणसं उठून बसली.

"वय किती?"

"शेवटचं गाणं! शेवटच्या गाण्याला सोडा मला!"

"ऊन लागलंय," नर्सने निदान केलं. मास्तरांना खाटेवर आडवं करून तिने पायापासून डोक्यापर्यंत ओली पांढरी चादर टाकली. ते उठायला लागले, तिने दाबून धरलं.

आता कंपाउंडर पुढे झाला. एरवी मित्रांत तो साध्या शब्दांत बोलायचा, पण नर्ससमोर त्याला आपलं वजन दाखवायचं होतं. तो घसा खाकरून म्हणाला, "सिस्टर, उन्हाचं काही नाही. ही फॉरिन बॉडीची केस आहे!"

दवाखान्याच्या भाषेत कानानाकात अडकलेल्या वस्तूला तसं म्हणतात. पण तंबूच्या दाराशी आपला तो रखवालदार उभा होता. लक्ष ठेवून! त्याने चादरीखालचा आडवा माणूस पाहिला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो हातातल्या वॉकीटॉकीत ओरडला, "सगळे या! बॉडी आहे! परदेशी माणसाची! सकाळी हत्यारं सापडली होती, तेच तिघं... म्हणजे दोघं!"

पाच मिनिटांत तंबूला वेढा पडला. कुणी आत यायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही. आणि बाहेर ढोल धडाडला. बँड आला होता.

मास्तरांना आवाज आला नाही, पण खाटेचा पाइप बोटांखाली थरथरला. चादरीखाली पडल्या पडल्या त्यांना कळलं, की आपलं गाणं शंभर पावलांवर येऊन ठेपलंय आणि आपण स्वतःच्याच हाताने कानाला शिवण घालून बसलोय. त्यांना रडू आलं. लाजही वाटली आणि रागही आला, सगळा स्वतःचा. दुकानात छाती काढली नसती तर काय बिघडलं असतं?

पण शेवटी शिंपी तो शिंपीच. रडतानाही डोकं कापडावर. रेशमी कापडावर मेण सांडलं तर मास्तर काय करतात? बर्फ लावतात! मेण कडक होतं आणि खपली निघावी तसं सुटतं.

"बर्फ!" मास्तर चादरीसकट ताडकन उठून बसले.

नेमका त्याच वेळी रखवालदार आपल्या साहेबांना घेऊन आत येत होता. बॉडी उठून बसलेली आणि बर्फ मागतेय हे पाहून त्याने जी किंकाळी फोडली, ती म्हणे स्टेजपर्यंत गेली. साहेब मात्र थंड डोक्याच्या बाई होत्या. त्यांनी नर्सला विचारलं, कंपाउंडरला विचारलं, वायरमनला विचारलं. तिघं एकदम बोलत होते, आणि त्याचा उलगडा होईपर्यंत बाहेर बँडची बहुतेक गाणी वाजून संपली. "सोमवारी ऑपरेशन आहे हो बाई," वायरमन शेवटी म्हणाला. "नंतर ऐकू येईल की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. शेवटचं गाणं राहिलंय त्याचं."

बाईंनी घड्याळ पाहिलं. मग रखवालदाराकडे वळून म्हणाल्या, "गर्दीतून वाट काढून दे यांना. आणि पळ!"

नर्सने बर्फाची पिशवी दिली. वायरमनने ती मास्तरांच्या डाव्या कानावर दाबली आणि चौघं निघाले. पुढे रखवालदार, "सरका, पेशंट आहे!" असं ओरडत. मागे कंपाउंडर, मास्तरांना ढकलत. आणि मास्तरांच्या मानेला मिठी मारून वायरमन, कानाशी बर्फ धरून. स्टेजसमोर पोहोचले तेव्हा वाद्यं थांबली होती. एकटा पिकलेल्या केसांचा गिटारवाला दिव्याखाली उभा होता. त्याची बोटं हलत होती. मास्तरांना ती मोजता आली असती, पण ऐकू मात्र काही नाही.

कंपाउंडरने वाकून बर्फ बाजूला केला, नखाने कड पकडली आणि ओढली. टक्! मेणाची अख्खी गोळी बाहेर आली.

आणि मास्तरांच्या कानात आवाज शिरला. केवढा आवाज! पण गिटारचा नव्हे, मंडळी. वायरमनचा!

वायरमन गात होता. डोळे मिटून, मास्तरांच्या एकुलत्या एका चालू कानाला तोंड लावून, जीव तोडून गात होता. गाण्याच्या त्या भागाला शब्दच नाहीत, म्हणून तो गिटारच गात होता. "टँव टँव टँऽऽव!" सूर कुठे, ताल कुठे, आणि गालांवरून पाण्याच्या धारा. हजारो माणसं जो आवाज ऐकत होती, त्यातला तसूभरही मास्तरांपर्यंत पोहोचत नव्हता.

मान एक वीतभर वळवली असती तरी पुरलं असतं. "गप रे," असं म्हटलं असतं तरी तो गप्प झाला असता. मास्तरांनी तोंड उघडलंही. मग मिटलं. त्यांनी वायरमनच्या पाठीवर हात ठेवला आणि स्टेजकडे बघत शेवटपर्यंत ऐकलं.

"ऐकलंस ना रे?" गाणं संपल्यावर वायरमनने विचारलं.

"सगळं ऐकलं," मास्तर म्हणाले. कंपाउंडरने नाक शिंकरलं.

घरी सुजलेला कान पाहून बायकोने दोन दिवस जे काही ऐकवलं, तेही मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. सोमवारी सकाळी ते हॉस्पिटलच्या खाटेवर हिरवा झगा घालून बसले होते. झग्याची शिवण तिरकी होती. आत न्यायला माणूस आला, तेव्हा बायकोला आठवलं. तिने मुद्दाम डाव्या बाजूला येऊन विचारलं, "अहो, एवढ्या रामायणात विचारायचंच राहिलं. गाणं कसं झालं तुमचं?"

"काय सांगू तुला! तसं पुन्हा ऐकायला मिळणार नाही."

"आणि गाणारा?"

"महाभयंकर बेसूर!"

"इश्श! एवढ्या मोठ्या बँडचा माणूस, आणि बेसूर?"

"त्याला नावं ठेवू नकोस," मास्तर म्हणाले. "त्याचा मूळ धंदा वायरिंगचा आहे."