दादाच्या सोन्याने वाजलेली डबी

विघ्नहर्त्यास वंदन, नादास वंदन, आणि ऐकणाऱ्या बाळगोपाळांच्या कानांस विशेष वंदन. बाळांनो, घटकाभर डोळे मिटावे आणि मनी आणावे कीं, एक राज्य आहे, तीन खोल्यांचे, तटाच्या जागी गॅलरीचे गज, आणि आतील खोलीत एक पलंग, ज्यावर वर्षभर कोणी निजले नाही. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, आश्विन शुद्ध नवमी, ते दिवशींची ही हकीकत.

राज्यात मातोश्री राज्य करीत होत्या आणि राजकन्या केतकीबाई, वय वर्षे बारा, गिटार बाळगोन होत्या. ज्येष्ठ बंधू शार्दूलराव मागील दसऱ्यास आपट्याचे पान बहिणीच्या हाती देऊन, "हे घे सोनं, पुढचं घरी येऊन देईन," ऐसे बोलिले आणि जहाजाच्या चाकरीस समुद्रपार गेले, आणि हा दसरा तोंडावर आला तरी येणे जाहले नाही. जाताना गिटार बहिणीस दिधली, परंतु ज्या पेडलावर पाय देताच तिचा सूर वाघाने घसा खाकरावा तैसा खरखरीत होई, ते पेडल मित्राचे, ते मित्राकडे परत गेले. मग केतकीबाईंनी तार छेडावी, सूर गोड निघावा, शेजारणींनी वाहवा म्हणावे, आणि यांचे डोळे भरावे. कां कीं त्यांस गोड सूर नको होता, दादाच्या खोलीतली खरखर हवी होती. मग शार्दूलरावांनी जहाजावरून पेडलाचा नकाशा काढोन फोनवर धाडिला आणि सांगितले, "तूच बनव. नवमीला आमचं जहाज बंदर सोडील, मग महिनाभर फोन नाही. त्याआधी ऐकव मला." मग राजकन्येने गोळ्यांची रिकामी पत्र्याची डबी घेतली, आणि तीन पायांचे दोन ट्रान्झिस्टर आणविले, आणि ते बसवावयाच्या लहानशा सर्किटाच्या पाटीवर कथिलाचे डाग देऊ लागल्या. बाळांनो, येथे ध्यानी धरावे, डाग चकाकला तर पक्का, मळकट राहिला तर कच्चा. आणि घाई केली तर बोट भाजते, तैसे ते भाजलेच. एक ट्रान्झिस्टर उलटा बसविला, तो उपटोन सुलटा केला. अष्टमीस सायंकाळी पाटी टेबलावर उघडी ठेवोन तार छेडिली, तों खरखर उमटली! मग आनंदाचे भरात पाटी डबीत घातली, झाकण लाविले, आणि एकवार वाजवोन पाहावे तें राहोन गेले.

नवमी म्हणजे खंडेनवमी, घरोघर हत्यारे पुजावयाचा दिवस. मातोश्रींनी विळी, कात्री, पान्हा मांडिला, आणि त्यांचे पंगतीस ती डबीही बसवोन हळदकुंकू लाविले, झेंडू वाहिला. इतक्यात फोन वाजला. "केतके, सुटतोय आम्ही आता. वाजव, वाजव लवकर!" केतकीबाईंनी फोन गिटारीच्या आवाजाच्या पेटीशी, म्हणजे स्पीकराशी, टेकविला आणि डबीस हात घातला, तों मातोश्री गरजल्या, "थांब! पूजेतली वस्तू उद्या दसऱ्यापर्यंत हलवायची नाही. आणि तू तर तिच्यावर पाय देणार!"

"आई, पाय दिल्याशिवाय ती वाजतच नाही गं!"

फोनातून बंधू बोलिले, "आई, हत्यार वापरायचं नाही, तर पुजायचं कशाला?"

"तू गप्प बस. घरी ये, आणि मग शिकव मला," ऐसे मातोश्री बोलिल्या खऱ्या, परंतु 'घरी ये' म्हणताना आवाज हलला. मग त्यांनी डबीवर अक्षता वाहिल्या, स्वहस्ते ती जागची सरकविली आणि म्हणाल्या, "देवाला मी सांगते काय ते. आधी नमस्कार कर, मग पाय ठेव. भुईलाही नमस्कार करूनच पाय ठेवतो ना आपण?"

राजकन्येने नमस्कार केला, पाय दिला, तार छेडिली. डबी मुकी. झाकण उघडोन पाटी वर उचलिली तों वाजे, डबीत टेकविली कीं मुकी. "दादा, पत्रा लागतोय रे खालून डागांना!" "मग मध्ये कोरडं काहीतरी सरकव! लवकर, भोंगा झाला!" केतकीबाईंनी गिटारीच्या पिशवीत हात घातला, तों हाती मागील दसऱ्याचे पान आले, वाळोन कडकडीत जाहलेले, वर्षभर कोणास शिवू दिले नव्हते तें.

"अगं, ते दादाचं सोनं! चुरा होईल त्याचा!" मातोश्री ओरडल्या.

"होऊ दे. दादासाठीच होतोय ना?" ऐसे म्हणोन पान पाटीखाली सारिले, तें करकरोन मोडले, परंतु जागी बसले. मग झाकण, मग पाय, मग तार, आणि खरखर ऐसी उठली कीं तिन्ही खोल्या भरोन गेल्या आणि पूजेतली विळी थरथरली. फोनातून, "केतके, पुन्हा..." इतुकेच आले, आणि फोन बंद जाहला.

येणेंप्रमाणे हकीकत. तात्पर्य इतुकेच कीं, पलंग रिकामा तो रिकामाच राहिला, सोन्याचा चुरा जाहला, आणि सूर मात्र घरी आला. मग राजकन्येने काय केले म्हणाल, तर तो मुका फोन नीट उचलोन पुन्हा पेटीशी टेकविला, डबीस पुन्हा नमस्कार केला, आणि पाय दिला.