प्लंबरच्या वाटेनं परदेशी

"मी गेलो तर इंजिन म्हणून जाईन! कुणाच्या मागे जोडलेला डबा म्हणून नाही!"

हे इंजिन गेली वीस वर्षं एका विमा कंपनीत कागदांवर शिक्के मारत होतं. ऑफिसात त्याला सगळे 'सर्वज्ञ' म्हणायचे आणि ते कौतुकच आहे, अशी त्याची ठाम समजूत होती!

प्रकरण खरं तर साधं. बायको नर्स. परदेशातल्या हॉस्पिटलनं तिला नोकरी देऊ केली होती आणि शनिवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. अर्ज तिचा, नवरा सोबत 'अवलंबित' म्हणून. रस्ता सरळ, डांबरी, एक खड्डा नाही! पण 'अवलंबित' म्हटल्याबरोबर सर्वज्ञाच्या अंगावर जणू पाल पडली.

"अहो, नुसता शब्द आहे तो," बायको म्हणाली.

"नुसता? उद्या विमानतळावर कुणी विचारलं, तुम्ही कोण, तर काय सांगू? हिच्या सामानातला?"

"सामान निदान उपयोगी पडतं, जावईबापू," आतून सासूबाईंनी सुनावलं.

झालं! सर्वज्ञ पेटला. त्या देशाला नर्स हव्यात तसे प्लंबरही हवेत, हे त्यानं कुठूनतरी शोधून काढलं. व्हिसाचा सल्ला देणाऱ्या बाईंसमोर तो छाती फुगवून बसला.

"अनुभव?" बाईंनी विचारलं.

"घरातला प्रत्येक नळ मीच दुरुस्त केलाय!"

"म्हणूनच प्रत्येक नळ गळतो," शेजारून बायको म्हणाली.

बाई या धंद्यात मुरलेल्या. त्या हसल्या नाहीत. "तिकडचे परीक्षक व्हिडिओवर काम करायला लावतात. शनिवारच्या आत माझ्यासमोर तशीच तालीम करा. जमलं तर तुमच्या वाटेनं जाऊ. फसलं तर मुकाट नर्सबाईंच्या वाटेनं. कबूल?"

"कबूल!"

त्यानं तालीम शुक्रवारी ठरवली, पण हे घरी कुणालाच सांगितलं नाही. बायको ड्यूटीवरून परत यायच्या आत पास होऊन दाखवायचं, असा बेत! आठवडाभर व्हिडिओ बघून डोळे सुजवलेला सर्वज्ञ नवा कोरा पाना घेऊन बेसिनसमोर उभा राहिला. सल्लागार बाईंना व्हिडिओ कॉल लावून मोबाइल भांड्यांच्या साबणाच्या बाटलीला टेकवला. जिन्यातला पाण्याचा मेन कॉक बंद केला. नळ सोडवला. इथवर, खोटं कशाला बोलू, गड्याचं काही चुकलं नव्हतं!

पण त्याच वेळी सासूबाई आंघोळीला बसल्या होत्या. तोंडाला साबण लावला आणि पाणी गेलं!

"अगं बाई, डोळे गेले माझे!"

नेमकी तेव्हाच बायको जिना चढून आली. आईचा आवाज ऐकला, कॉक बंद दिसला. कुण्या शेजाऱ्याचा वाह्यातपणा समजून तिनं तो पूर्ण उघडला.

बेसिनवर नळाच्या जागी आता फक्त भोक होतं. त्यातून अशी धार सुटली की सर्वज्ञाचा चष्मा थेट फ्रिजवर जाऊन बसला! त्यानं अंगठा लावला, मग तळवा लावला, शेवटी पोट लावलं. जन्मात पहिल्यांदा ते पोट कामाला आलं!

"अगं, बंद कर! बंद कर!"

"आत आई आंघोळ करतेय!"

"आईंचं नंतर! नळ गेला!"

"गेला म्हणजे? कुठं गेला?"

"माझ्या हातात आहे!"

"बंद केलंस तर याद राख!" न्हाणीघरातून गर्जना झाली. "अजून एक डोळा धुवायचाय!"

बायको कॉकपाशी धावली, आईच्या हाकेनं थबकली, पुन्हा धावली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर वर आले. तोंडावर मास्क, मास्कवर थेंब. "अहो, माझ्या पेशंटनं आ केलाय, आणि चूळ भरायचं पाणी थेट छतातून येतंय!"

अखेर बायकोनं कॉक बंद केला आणि तोंड उघडलं. "मला एका शब्दानं सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर हसली असतीस!"

"मग आत्ता काय रडतेय?" टॉवेल घेऊन ती त्याचे कान खसाखसा पुसू लागली. "हलू नका! सर्दी झाली की आठवडाभर कण्हाल, आणि वाफारा द्यायला आहेच मी! आणि ऐका. एकटीनंच जायचं असतं तर केव्हाच गेले असते. कळतंय का?"

"कान दुखतोय गं!"

"दुखू दे!"

साबणाच्या बाटलीकडून खाकरण्याचा आवाज आला. फोन चालूच होता!

"प्लंबरची वाट बंद," सल्लागार बाई म्हणाल्या. "पण नर्सबाईंच्या वाटेत मला एकच धास्ती होती. तुमच्या ड्यूट्या उलटसुलट, दोघांचा एकत्र फोटो नाही. तिकडचे अधिकारी विचारतात, हे लग्न खरं की व्हिसापुरतं? आता काळजी मिटली. मी सगळं रेकॉर्ड केलंय. शेवटचा भाग पाहिला की कुणीही डोळे मिटून सही करेल!"

सर्वज्ञानं ओल्या शर्टातच मान डोलावली. झाला अवलंबित! तरी एका कोपऱ्यात थोडी आशा उरलीच होती.

"आणि माझं कामही दिसेल ना त्यात?"

"तेवढं कापते. त्या देशातही लोक खालच्या मजल्यावर राहतात हो!"