झिमोलोस्त आणि पांढरा पडदा

"एक जरी फळ पाखरांनी नेलं, तर यंदा तुझाच पिरोग भाजेन!" असं नवऱ्याला, प्रोखरला, बजावून रिम्मा आपल्या आईला आणायला तोम्स्कला गेली.

प्रोखरला भीती होती ती कोबीची. गेल्या जूनमध्ये बागेतली झिमोलोस्तची निळी फळं कस्तूर पक्ष्यांनी एकाच सकाळी फस्त केली, आणि सासूबाई आग्राफेना लुकिनिच्ना यांना फळांऐवजी कोबीचं सारण भरलेला पिरोग, म्हणजे भट्टीतला भरला पाव, खावा लागला. तेव्हापासून त्या फोनवर जावयाची खुशाली विचारत नसत. "काय रे, कोबी बरा आहे ना?" एवढंच विचारत.

म्हणून पहिला कस्तूर झुडपावर उतरताच प्रोखर घरात धावला. कपाटात पांढऱ्या, झिरझिरीत कापडाची घडी दिसली. ती आणून त्याने सगळ्या झुडपांवर पसरली आणि पाखरांना जीभ काढून दाखवली.

कुंपणावरून शेजारच्या वेन्याचं डोकं वर आलं. "अरे बाबा! कोरा करकरीत पडदा की हा! वहिनींनी सासूबाईंच्या खोलीसाठी आणला असणार."

प्रोखर पडदा काढायला धावला, तर आत एक कस्तूर अडकून थयथयाट करत होता. वेन्या कुंपण ओलांडून मदतीला आला.

"तू तिकडून ये!"

"तिकडून म्हणजे कुठून?"

"जिथून ओरडतोय तिथून!"

"चहूकडून ओरडतोय रे!"

दोघांनी एकदम झेप घेतली. पाखरू सुटलं, हे दोघे झुडपात आडवे झाले आणि पडद्यावर निळेजांभळे डाग उमटले. घाईघाईने पडदा धुतला, तर डाग आणखीच ऐसपैस पसरले.

"डाग जात नाही ना? मग सगळ्याच पडद्याला डाग पाड," वेन्या म्हणाला. फुकटचा सल्ला देण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे.

"आणि पिरोगाचं काय?"

"पिरोग एका दिवसाचा. पडदा जन्मभर डोळ्यांसमोर. बघ बाबा!"

प्रोखरला पटलं. दोघांनी उरलेलं फळन् फळ तोडून मोठ्या पातेल्यात उकळलं आणि पडदा त्यात बुचकळला. असा काही जांभळा रंग चढला की दोघे आनंदाने पातेल्याभोवती नाचलेच. संध्याकाळी पडदा सासूबाईंच्या खिडकीला झोकात झुलत होता.

सासूबाई आल्या. पडद्याकडे बघून त्यांचे डोळे चमकले. "अगं बाई, किती सुरेख!"

प्रोखरची छाती फुगली. रिम्मा मात्र जागीच थबकली.

"प्रोखर, ही जाळी खिडकीला का टांगलीस?"

"म्हणजे? आईंच्या खोलीचा पडदा ना हा?"

"कसला पडदा! झिमोलोस्तवर पांघरायला आणली होती मी. पाखरं येऊ नयेत म्हणून."

तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. झुडपांवर पानांशिवाय काहीही नव्हतं.

सासूबाईंनी जांभळ्या पडद्याचं टोक नाकाशी नेलं, हुंगलं आणि शांतपणे पदर खोचावा तसा रुमाल गळ्याशी खोचून त्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या.

"आण बाबा तुझा कोबी," त्या म्हणाल्या.